जीव टांगणीला

‘जीव टांगणीला लागणे’ हा वाक्प्रचार मी पंचवीस वर्षं शाळेत शिकवला. त्याचा खरा अर्थ मात्र कळला तो 2018 च्या हिवाळ्यात, गोव्यात मयेच्या तळ्याकाठी. त्याच वर्षी तिथं बंजी उडीची सोय झाली होती, 55 मीटर उंचीवरून. पायांना रबरी दोर बांधायचा आणि खाली डोकं करून स्वतःला सोडून द्यायचं! आमच्या लेकीनं ते मनावर घेतलं. पुढल्या महिन्यात ती नोकरीसाठी हैदराबादला जाणार होती. ‘बाबा, तुम्ही बरोबर चला,’ एवढंच म्हणाली. शेजारच्या आक्का कळवळून म्हणाल्या, ‘ब्याड्री सर, ब्याड!’ सौ. काहीच बोलली नाही. ते जास्त अवघड होतं.

मास्तराची खोड अशी, की भीती वाटली की तो वाचायला बसतो. हा खेळ मूळचा प्रशांत महासागरातल्या वानुआतू देशातल्या पेंटेकोस्ट बेटाचा. तिथले पुरुष लाकडी मनोऱ्यावरून घोट्यांना रानवेली बांधून उडी घेतात. कोनफळासारख्या कंदाचं पीक चांगलं यावं म्हणून. वेल जाणती माणसं निवडतात, उडी घेणाऱ्याच्या वजनाप्रमाणे. 1974 साली इंग्लंडच्या राणीच्या भेटीसाठी हंगाम नसताना उड्या झाल्या. वेलींत ताण नव्हता. एक जण गेला. निसर्ग पाहुण्यांचं वेळापत्रक पाळत नाही.

गंमत अशी, की दंतकथेतली पहिली उडी एका बाईची. नवऱ्याच्या जाचाला कंटाळून ती वडावर चढली. तो मागोमाग आला तशी तिनं उडी टाकली. त्यानंही टाकली. तिच्या पायांना वेली होत्या, त्याच्या नव्हत्या. आणि आज बायकांना त्या मनोऱ्याजवळही फिरकू देत नाहीत! असो.

1 एप्रिल 1979 रोजी इंग्लंडात ब्रिस्टलच्या क्लिफ्टन पुलावरून ऑक्सफर्डच्या ‘डेंजरस स्पोर्ट्स क्लब’च्या मंडळींनी रबरी दोर बांधून उड्या घेतल्या. पुढारी डेव्हिड कर्क. पोलिसांनी पकडलं, पण खेळ जगभर गेला. न्यूझीलंडच्या ए. जे. हॅकेटनं 1987 मध्ये पॅरिसच्या आयफेल टॉवरवरून उडी मारली आणि पुढच्याच वर्षी क्वीन्सटाऊनजवळ कावाराऊ पुलावर, 43 मीटरवर, त्याचा धंदाच मांडला. दक्षिण आफ्रिकेतला ब्लूक्रान्स पूल 216 मीटर, तर मकाव टॉवरवरची 2006 ची उडी 233 मीटर. आकडे वाढत गेले. भिणारा बाप तेवढाच राहिला.

चोर्ला घाट उतरताना मला आबा आठवले. खानापूरकडच्या आमच्या गावात, आठ वर्षांचा असताना, त्यांनी माझ्या पाठीला सुका भोपळा आणि कमरेला दोर बांधून मला विहिरीत ढकललं होतं. गाठ दोनदा ओढून पाहिली होती. शब्द एकच: ‘हं!’

मयेला लेकीचं वजन केलं, आकडा हातावर लिहिला, त्या वजनाचा दोर निवडला. मी गाठीसाठी बघत होतो. तिथं पट्टे आणि कड्या होत्या. ओढून पाहायला मला कोण देणार? एक मुलगा मात्र प्रत्येक कडी दोनदा तपासत होता. त्याच्या हाताकडे पाहून जरा धीर आला. जाणते हात सगळीकडे सारखेच.

पेंटेकोस्टवर पोरगा पहिली उडी घेतो तेव्हा त्याची आई त्याच्या लहानपणची एखादी आवडती वस्तू हातात धरून उभी राहते. उडी झाली की ती वस्तू फेकून देते. लेकरू मोठं झालं! माझ्या हातात तिची चप्पल होती. ती मी काही फेकली नाही.

वरून आकडे मोजलेले ऐकू आले. मग किंकाळी, मग हसू. ती धापा टाकत आली, केस विस्कटलेले.

‘बाबा, बघितलंत ना?’

‘बघितलं तर!’ मी म्हणालो.

खरं सांगतो, मी डोळे गच्च मिटले होते. आणि तेव्हा वाटलं, विहिरीच्या काठावर दोर धरून उभ्या असलेल्या आबांचे डोळे तरी उघडे होते का? त्यांना विचारायचं राहूनच गेलं.