सागरी ससा आणि आपली स्मृती

मुंबई-गोवा महामार्गाने गोव्याकडे निघालात, की सावंतवाडी मागे टाकल्यावर आणि बांदा येण्यापूर्वी इन्सुली लागते. घाटाचा उतार, तपासणी नाका आणि माडा-पोफळींची हिरवाई एवढीच या गावाची ओळख बहुतेक प्रवाशांना असते. येथून समुद्र दिसत नाही. परंतु जवळून वाहणारी तेरेखोल नदी समुद्राचीच वाट धरते. बांदा, सातार्डा, आरोंदा अशी गावे पाठीशी टाकून ती तेरेखोल किल्ल्याच्या पायथ्याशी सागरास मिळते. घरातील वडीलधाऱ्यांसह आपण या बाजूस आलात, तर नदीच्या वाटेने किनाऱ्यापर्यंत अवश्य जावे. तेथील एक मुका जीव आपल्या विस्मरणाविषयी बरेच काही सांगून जातो.

त्याचे नाव सागरी ससा. गोगलगायीच्या कुळातला हा मऊ, गुबगुबीत प्राणी. डोक्यावरची दोन उभी शिंगे सशाच्या कानांसारखी दिसतात, म्हणून हे नाव. पाठीवरचे कवच नाहीसे होत जाऊन अनेक जातींत त्वचेखाली एक पातळ चकती तेवढी उरली आहे. समुद्रशैवाल हेच त्याचे अन्न. कोणी छेडले, तर तो जांभळ्या रंगाचा द्राव सोडतो. हा रंग त्याने खाल्लेल्या तांबड्या शैवालातूनच आलेला असतो. त्याची अंडी लांबच लांब धाग्यांत असतात. शिरवाळ्यांचा गुंता खडकावर कोणी टाकून गेले की काय, असे वाटावे. प्रत्येक जीव एकाच वेळी नर आणि मादी असतो, आणि आयुष्य जेमतेम वर्षभराचे.

पावसाळ्यात खवळलेला समुद्र आणि नदीचे गोडे पाणी यांमुळे त्याचा शोध घेणे व्यर्थ. मार्गशीर्ष ते फाल्गुन हा काळ चांगला. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी अधिक ओसरते आणि ती ओहोटी साधारणपणे भल्या सकाळी व संध्याकाळी येते. अशा वेळी शैवालाने भरलेल्या खडपांतील डबक्यांत शांतपणे पाहत राहावे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा सागर १९८७ पासून अभयारण्य आहे. तेथील कोणताही जीव उचलणे योग्य नव्हे. इतरत्रही सागरी सशाला हात लावू नये, आणि तो खाण्याचा विचार तर मनातही आणू नये. त्याच्या शरीरात विषारी द्रव्ये असतात.

आता त्याच्या स्मृतीकडे वळू. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. सागरी सशाच्या चेतासंस्थेत सुमारे वीस हजार. त्यांतील काही इतक्या मोठ्या, की नुसत्या डोळ्यांनी दिसतात. १९२९ मध्ये व्हिएन्ना येथे जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले मनोविकारतज्ज्ञ एरिक कँडेल यांनी म्हणूनच या जीवाची निवड केली. त्या संशोधनासाठी त्यांना २००० सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा मान अन्य दोघांसह मिळाला.

प्रयोग साधा होता. सागरी सशाला हलका स्पर्श केला, की तो कल्ला आत ओढून घेतो. तोच निरुपद्रवी स्पर्श पुनःपुन्हा झाला, की त्याला सवय होते आणि त्याचा प्रतिसाद मंदावतो. शेपटीला विजेचा सौम्य झटका दिला, तर मात्र त्यानंतरच्या हलक्या स्पर्शानेही तो दचकतो. एका झटक्याची आठवण थोडा वेळच टिकते. तेच झटके मध्ये विश्रांती देत अनेकदा दिले, तर ती कित्येक दिवस राहते. अल्पकाळच्या आठवणीत चेतापेशींमधील जुनेच दुवे बळकट होतात. दीर्घकाळच्या आठवणीसाठी नवी प्रथिने तयार व्हावी लागतात आणि नवे दुवे फुटतात. स्मृती ही अशी शरीरात घडणारी वस्तू आहे.

यात स्मृतिभ्रंशावरचा इलाज नाही, हे स्पष्ट सांगावयास हवे. तथापि सेवा करणाऱ्यांसाठी दिलासा नक्कीच आहे. आजी तोच प्रश्न दहाव्यांदा विचारतात, तेव्हा तो हट्ट नसतो. नवी आठवण रुजविणारी यंत्रणाच थकलेली असते. “आत्ताच तर सांगितलं!” या वाक्याने आठवण परत येत नाही, मन मात्र धास्तावते. स्मृतिभ्रंशाच्या प्रारंभी उपयोगी पडणारी एक पद्धत अंतराच्या उजळणीवरच उभी आहे. चष्मा कोठे ठेवला आहे, हे सांगून लगेच विचारावे. मग एका मिनिटाने, दोन मिनिटांनी, पाच मिनिटांनी. उत्तर चुकले, तर न रागावता योग्य उत्तर सांगावे आणि अंतर पुन्हा कमी करावे. एका वेळी एकच गोष्ट घ्यावी. विस्मरण नव्याने जाणवू लागले असेल, तर आधी वैद्यकीय तपासणी करावी. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही ते होऊ शकते आणि त्यांवर उपचार आहेत.

नातवंडांच्या आग्रहाखातर हा जीव घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीत आणावा का? काचेवरचे शेवाळ फस्त करतो म्हणून हौशी लोक तो आणतात खरे. पण शेवाळ संपले, की तो उपाशी मरतो. पंपाच्या तोंडाशी ओढला जाऊन जखमी झाला, तर त्याचा द्राव लहान पेटीतील पाणी बिघडवतो. ज्येष्ठांच्या विरंगुळ्यासाठी गोड्या पाण्यातील चार मासे अधिक बरे. पेटीचे झाकण घट्ट असावे आणि विजेच्या तारा येण्याजाण्याच्या वाटेत नसाव्यात.

किनाऱ्यावर जाताना एक पथ्य पाळावे. ओल्या खडपांवर ज्येष्ठांना नेऊ नये. शेवाळावरून पाय घसरला, तर खुब्याचे हाड मोडण्याचे भय असते. कोरड्या वाळूत सावलीस खुर्ची मांडावी, पाण्याची बाटली व नेहमीची औषधे जवळ ठेवावीत, आणि भरती सुरू होण्यापूर्वी सर्वांनी मागे फिरावे. तरुणांनी डबक्यातील सशाचे छायाचित्र काढून आजोबांना दाखवावे. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते पुन्हा दाखवावे, आठवड्याने आणखी एकदा. त्यांना नाव आठवले नाही, तर आपण सांगावे. त्यांच्यासाठी ते पहिल्यांदाच ऐकलेले असेल, तर तेवढ्याच उत्साहाने सांगावे.