भिंतीपलीकडे जाणाऱ्या लहरी

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणनजीकच्या लष्करी छावणीतील ज्या बराकींत आश्रय मिळाला आणि ज्यांतून १९४९ मध्ये उल्हासनगर आकारास आले, त्या बराकींच्या जागी आता बहुतांशी इमारती उभ्या असल्या, तरी घराला घर खेटून असण्याची तेथील रीत सुटलेली नाही. आणि वायफायच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्याला तेथील गल्लीत प्रथम जाणवते ते हेच, की रेडिओलहरींना भिंतीची हद्द मंजूर नाही.

शेजाऱ्याला दिसते तरी काय? पासवर्ड ठाऊक नसलेल्या इसमालाही, साधा लॅपटॉप आणि मोफत मिळणारे सॉफ्टवेअर यांच्या साहाय्याने, वायफायचे नाव, राउटरचा आणि त्याला जोडलेल्या प्रत्येक मोबाईलचा यंत्रक्रमांक (फोन नंबर नव्हे), आणि कोणते यंत्र केव्हा व किती बोलले एवढे वाचता येते. लखोटा बंद असतो, पत्ता मात्र वर लिहिलेला असतो. बदलापूरच्या एखाद्या कुटुंबातील माणसे सकाळच्या लोकलने मुंबईकडे गेली, की त्यांचे मोबाईल त्या घराच्या लहरींतून नाहीसे होतात, आणि घर रिकामे आहे ही वार्ता कोणीही न सांगता बाहेर पोहोचते.

याहून चिंतेची बाब पासवर्डाची. इंटरनेट जोडून देणारा केबलवाला बहुधा ग्राहकाचा मोबाईल नंबरच पासवर्ड म्हणून घालून देतो, आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. आज बहुतेक ठिकाणी रूढ असलेल्या डब्ल्यूपीए-२ या सुरक्षापद्धतीत मोबाईल राउटरला जोडला जाताना होणारी देवाणघेवाण एकदा टिपून घेतली, की पुढचे सारे तर्क राउटरला स्पर्शही न करता घरबसल्या ताडून पाहता येतात. आपल्याकडील दहा आकडी मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी, आणि सेकंदाला पाच लाख तर्क पारखणाऱ्या संगणकाला त्या संपवण्यास सव्वादोन तास पुरतात. सोसायटीच्या फलकावर तो नंबर लिहिलेलाच असेल, तर तेवढेही श्रम नकोत.

वायफाय परक्याच्या हाती लागल्याचे परिणाम आपल्याच भागाने पाहिले आहेत. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या स्फोटांपूर्वी काही मिनिटे धाडलेल्या ईमेलचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका परदेशी गृहस्थाच्या घरी पोहोचला, आणि त्याचे उघडे वायफाय दुसऱ्यानेच वापरल्याचे तपासात पुढे येईपर्यंत त्याला चौकशीस तोंड द्यावे लागले. १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळी तोच प्रकार चेंबूरमध्ये घडला. दप्तरी नोंद जोडणी ज्याच्या नावे असते त्याची होते, वापरणाऱ्याची नव्हे.

म्हणून माझा आग्रह असा, की पासवर्ड चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांबलचक असावा. पासवर्डाऐवजी वापरता येणारा राउटरचा आठ आकडी पिन (डब्ल्यूपीएस) जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत उलगडतो असे २०११ मध्ये सिद्ध झाले असल्याने ती पिनची सोय बंद करावी. आणि यंत्र नवे असेल तर २०१८ पासूनची डब्ल्यूपीए-३ पद्धत निवडावी, जिच्यात घरबसल्या तर्क ताडणे शक्य होत नाही.

अंबरनाथच्या चाळींत एक जोडणी दोन-तीन बिऱ्हाडे वाटून घेतात, आणि मुलांच्या अभ्यासापायी केलेल्या त्या शेजारधर्माला नावे ठेवणे मला उचित वाटत नाही. परंतु डब्ल्यूपीए-२ चा पासवर्ड जाणणाऱ्याला वर सांगितलेली देवाणघेवाण टिपून तुमचे दळणवळण उलगडता येते. बँकेचा मजकूर त्यातही गुप्त राहतो, पण कोणत्या संकेतस्थळी गेलात ते बहुधा कळते. त्यासाठी बहुतेक राउटरांत पाहुण्यांकरिता निराळ्या नावाचे व निराळ्या पासवर्डाचे वायफाय सुरू करण्याची तजवीज असते. शेजाऱ्यांना द्यायचे ते तेच.