मागें न पाहणारा सरदार

धर्मकार्यासाठीं घर सोडणाऱ्यांची थोरवी आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. घरीं राहिलेल्यांचें काय झालें, हें मात्र क्वचितच कोणी सांगतो. म्हणून झाँ द ज्वांव्हील ह्या फ्रेंच सरदाराचें चरित्र आम्हांस मोलाचें वाटतें.

इ. स. १२४८ मध्यें नवव्या लुई राजाच्या धर्मयुद्धास तो निघाला, तेव्हां त्यानें मागें वळून पाहिलें नाहीं. आपली रम्य गढी व दोन मुलें दृष्टीस पडतांच हृदय द्रवेल, ही त्यास भीति! मिसर देशांत १२५० सालीं तो राजासह कैदेंत पडला. १२५४ त स्वदेशीं परतला.

पुढें राजानें पुन्हां मोहीम आरंभिली. पण तो गेला नाहीं. आपण दूर असतां राजाच्याच अंमलदारांनीं आपली रयत नागविली. आतां तिचें रक्षण हीच ईश्वरसेवा, असें त्यानें सांगितलें. राजा १२७० त ट्यूनिस येथें वारला. राजावरील त्याचें प्रेम मात्र आटलें नाहीं. वृद्धपणीं, १३०९ त, त्यानें त्याचें चरित्र पुरें केलें.

मागें न पाहतां जाण्यास धैर्य लागतेंच. परंतु राजाज्ञा व लोकनिंदा ह्यांस न भितां उंबरठ्याआंत राहण्यास त्याहून अधिक लागतें, असें आम्हांस वाटतें.