बोंगोचे पाणी

बैलबाजारात जनावर घेणारा शेतकरी आधी दात पाहतो. बैल दोन दाती की जुळलेला, हे ठरवतो. मग खूर, वशिंड, चाल. एवढे करूनही घरी आणलेल्या बैलाचा स्वभाव पहिल्या नांगरटीपर्यंत कळत नाही. जपानमध्ये वापरून झालेली आणि बोटीतून इंग्लंडच्या किनाऱ्याला लागलेली डिझेल मोटार घेणाऱ्याची गोष्ट याहून अवघड असते. जुना मालक समोर नसतो. गाडीबरोबर येतात ते थोडे कागद, आणि त्यांवरची लिपी घेणाऱ्याला परकी असते. सालसुद्धा ओळखीचे नसते. ‘हेइसेइ ८’ म्हणजे १९९६, हे कोणीतरी सांगावे लागते.

अशा गाड्यांमध्ये माझ्दा बोंगो फ्रेंडी ब्रिटनमध्ये विशेष लाडकी ठरली. बोंगो हे आफ्रिकेच्या अरण्यातील एका पट्टेदार हरणाचे नाव. ही गाडी १९९५ साली जपानच्या बाजारात आली आणि सुमारे दहा वर्षे निघत राहिली. तिच्यात आठ माणसे बसतात. मागची आसने उलगडली की बिछाना होतो. काही गाड्यांचे छप्पर बटण दाबताच वर उचलले जाते आणि त्याखाली आणखी दोघांच्या निजण्याची सोय होते. मुलाबाळांचे घर आणि सुटीतला तंबू असे दोन्ही एकाच पत्र्याखाली नांदते. मध्यम मिळकतीच्या कुटुंबाला हे परवडणारे होते.

ती तिथवर पोचली यामागे दोन देशांचे नियम आहेत. जपान आणि ब्रिटन या दोन्ही देशांत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे स्टिअरिंग मुळातच उजव्या हाताला असते. जपानमध्ये खासगी गाडीची ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी होते. कर आणि शुल्क धरून तिचा खर्च इतका होतो, की चालती गाडी काढून टाकणे अनेकांना सोयीचे वाटते. त्यात २००१ साली नायट्रोजन ऑक्साइड आणि काजळीविरुद्ध कायदा झाला. टोकियो, ओसाका, नागोया या महानगरांच्या परिसरात जुन्या डिझेल गाड्यांना ठरावीक मुदतीनंतर नोंदणी मिळेनाशी झाली. ज्या गाडीला एका शहराने दार लावले, तिला दुसऱ्या देशाने अंगण दिले.

गाडी घेताना जाणता माणूस रंगाकडे शेवटी पाहतो. लिलावाचा कागद मिळाला, तर त्यावर गाडीची आकृती असते. ओरखड्याला एक अक्षर, पोचाला दुसरे, दुरुस्त केलेल्या पत्र्याला तिसरे. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे, असा जुन्या मालकांचा आग्रह असतो. आधीच तापवून ठेवलेले इंजिन पुष्कळ दोष झाकते. पाण्याच्या टाकीत बुडबुडे उठतात का, तेलाच्या झाकणाखाली सायीसारखा पांढुरका थर आहे का, धुराला गोडसर वास येतो का, हे पाहावे लागते. मग गाडीखाली शिरावे. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाडीचे पोट खाते. वरून झळझळीत दिसणाऱ्या गाडीच्या चाकांवरच्या कमानी आतून भुसभुशीत झालेल्या असतात. ताजी उतरलेली गाडी सहसा कोरी असते. तिच्या तळाला मेणाचा लेप पहिल्या हिवाळ्याआधी द्यावा लागतो.

पण बोंगोचे खरे मर्म पाण्यात आहे. तिचे अडीच लिटरचे टर्बो डिझेल इंजिन पुढच्या आसनांच्या खाली बसवलेले आहे; रेडिएटर मात्र नाकाशी. गाडीच्या मागच्या भागातही एक हीटर असतो. त्यामुळे इंजिन थंड राखणारे पाणी लांबलांब नळ्यांतून हिंडते, आणि जितकी नळी लांब तितक्या गळतीच्या जागा अधिक. सिलिंडर हेड अॅल्युमिनियमचे आहे. पाणी उतरले की ते तापते, वाकते, तडकते. आणि त्याची दुरुस्ती पुष्कळदा गाडीच्या किमतीलाही मागे टाकते. फसवे असते ते तापमान दाखवणारे काट्याचे घड्याळ. ते बऱ्याच मोठ्या टप्प्यात मध्यावरच स्थिर राहते. काटा हलेपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून अनुभवी मालक काट्यावर विसंबत नाहीत. पाण्याची पातळी खाली गेली की ओरडणारी एक लहानशी घंटा ते वेगळी बसवून घेतात. पाणी बदलल्यावर नळ्यांत हवा अडकू नये म्हणून इंजिन चालू ठेवून धीराने बुडबुडे काढतात. टायमिंग बेल्ट दर एक लाख किलोमीटरला बदलतात. आधीचा केव्हा बदलला याचा पुरावा नसेल, तर बदललाच नाही असे धरून चालतात. गल्लीतल्या गॅरेजवाल्याला ही गाडी नवखी असते. म्हणून मालकांनीच मंडळे काढली, जपानी माहितीपुस्तिकेची भाषांतरे मिळवली, कोणत्या नळीला कोणता पर्याय चालतो याच्या नोंदी एकमेकांना दिल्या. अक्षरे न येणाऱ्या माणसांनी अशी एका यंत्राची भाषा शिकून घेतली.

एवढ्या निगुतीने सांभाळलेल्या गाडीपुढे आता वेगळाच प्रश्न उभा आहे. लंडनमध्ये एप्रिल २०१९ मध्ये मध्यभागापुरते सुरू झालेले अतिअल्प उत्सर्जन क्षेत्र २९ ऑगस्ट २०२३ रोजी शहराच्या सर्व बरोंमध्ये लागू झाले. ‘युरो ६’ मानक न पाळणाऱ्या डिझेल मोटारीला तिथे शिरायचे तर दिवसाला साडेबारा पौंड मोजावे लागतात. टोकियोत जे घडले तेच वीस वर्षांनी टेम्सकाठी घडले. मालकाला हा अन्याय वाटतो. तेल वेळेवर बदलले, धूर कधी काळा होऊ दिला नाही, मग शिक्षा कसली?

परंतु डोळ्यांना दिसणारा धूर म्हणजे सगळा धूर नव्हे. नायट्रोजनचे ऑक्साइड आणि सूक्ष्म कण दिसत नाहीत. दक्षिण लंडनमध्ये वर्दळीच्या रस्त्यालगत राहणारी एक नऊ वर्षांची दमेकरी मुलगी २०१३ साली वारली. तिच्या मृत्यूला हवेच्या प्रदूषणानेही हातभार लावला, असा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूचौकशी अधिकाऱ्याने दिला. त्या निर्णयासमोर तेलबदलाची वही पुढे करता येत नाही.

याचा अर्थ ती वही व्यर्थ होती असा नाही. जुनी वस्तू मोडीत न काढता जपणे हा सद्गुणच आहे. पण बोंगोने आपल्या मालकांना काटा मध्यावर असतानाही पाण्याची चौकशी करायला शिकवले. तीच चौकशी आता गाडीबाहेरच्या हवेचीही करावी लागते. काहींनी ती केली आहे: शहरात पायी किंवा आगगाडीने जायचे आणि गाडी वर्षातून थोड्या लांबच्या प्रवासांपुरती काढायची. काहींनी जड मनाने ती विकली. दोघांनाही हिशोब सोपा गेलेला नाही. कारण एका पारड्यात मुलांच्या सुट्या आहेत आणि दुसऱ्यात कोणा अनोळखी मुलाचा श्वास.