पांढरा कुगा

रविवार, रात्री उशिरा

आज पुन्हा ‘कामेन रायडर कुगा’ या जपानी सुपरहिरो मालिकेचा पहिला भाग लावला. सप्टेंबर 1989मध्ये ‘ब्लॅक आरएक्स’ ही आधीची कामेन रायडर मालिका संपली आणि जपानी पोरांची रविवार सकाळ सुनी झाली. मधे ‘झेडओ’, ‘जे’ असे चित्रपट येऊन गेले म्हणा; पण ते म्हणजे तहानलेल्याला चमचाभर पाणी. नवी टीव्ही मालिका, म्हणजे ही ‘कुगा’, आली थेट 30 जानेवारी 2000ला! तोवर वाट बघणाऱ्या पोरांना मिशा फुटल्या असतील. आणि कामेन रायडरचे जनक शोतारो इशिनोमोरी? ते 1998च्या जानेवारीतच गेले. दोन वर्षांनी हुकलं. याची मला दरवेळी चुटपुट लागते.

गंमत म्हणजे, इतकं थांबूनही पहिल्या भागात नायक कुगा त्याच्या ओळखीच्या लाल रूपात येतच नाही. नुसता पांढरा, शिंगंसुद्धा आखूड. लाल बघायला आणखी एक आठवडा.