सेवा आणि व्हिसा

सेवेला परवाना लागतो, हे देवस्थानाच्या सावलीत वाढलेल्या आमच्यासारख्यांच्या मनाला सहजी पटत नाही. पंगतीत वाढावयास कोणी कोणाची अनुज्ञा मागतो काय? (पालखीच्या खांद्याच्या मानावरून आमच्याकडे दावे लढले गेले, ती गोष्ट निराळी.)

गेल्या वर्षी गावचाच एक तरुण आमच्याकडे आला. इंग्लंडातील एका मंदिराच्या मुदपाकखान्यात सहा महिने राबावे, अशी त्याची इच्छा. "भाई, पगार घेणार नाही. मग पाहुण्याचा व्हिसा पुरे ना?" आम्ही मान डोलाविली. वीस वर्षे वकिली केलेल्या माणसाने!

रात्री नियम उघडले आणि झोप उडाली. तेथील कायद्याच्या लेखी बिनपगारी काम हेही कामच. पाहुण्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेची सेवा करता येते ती फार तर ३० दिवस, आणि तीही येण्याचा मुख्य हेतू दुसरा असेल तर. अधिक करावयाची, तर सरकारी परवाना असलेल्या संस्थेने प्रायोजकत्वाचा दाखला द्यावयाचा. मग धर्मादाय सेवकाचा व्हिसा, जास्तीत जास्त १२ महिन्यांचा. हेतू लपविला, तर १० वर्षे दार बंद होऊ शकते.

परदेशगमन हे व्यक्तिस्वातंत्र्यातच येते, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली ठरविले. पण तो हक्क आपल्या सरकारापुढचा. परक्याच्या उंबरठ्यावर यजमानाचाच शब्द चालतो.

सकाळीच त्याचे घर गाठले. अर्जात 'पर्यटन' लिहून झाले होते, पाठवावयाचे तेवढे राहिले होते. आम्ही आपली चूक कबूल केली. त्या मंदिराकडे तसा परवाना नव्हता.

यंदाच्या जत्रेत तो भात वाढीत होता. आमच्या पानाशी आला, वाढला आणि काही न बोलता पुढे गेला.