मीटिंगला जायचं तर शेवटची गाडी बघून

आजची नोंद पिकाची नाही. पण सोयाबीन मोंढ्यावर चाललंय, पट्टीचा पैसा हातात येऊलालाय, आन दारू सोडलेल्या माणसाला हेच दिवस जड जातात. म्हणून आत्ताच लिहितो.

माझा चुलतभाऊ मागच्या पोळ्यापासून नांदेडला मीटिंगला जातो. सोबत मी असतो. त्याला विचारूनच लिहितोय. नाव मात्र लिहिणार नाही, तिथली रीतच तशी आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, थोडक्यात ए.ए. दारू सोडायची इच्छा पाहिजे, एवढीच अट. फी नाही. शेवटी एक डबा फिरतो, ज्याला जमेल त्यानं दहा-वीस टाकायचे, त्यातनंच खोलीचं भाडं आन चहा. बाहेरच्याची देणगी घेत नाहीत, पुढारी देतो म्हणला तरी नाही. हे मला लई पटलं.

१९३५ साली अमेरिकेत शेअरबाजारातला एक माणूस आणि एक सर्जन, दोघंही अट्टल पिणारे, एकमेकाला आधार देत दारूपासून लांब राहिले. तिथून हे सुरू झालं. डॉक्टरानं शेवटची घेतली तो दिवस १० जून धरतात, म्हणजे आपल्याकडं मृग लागलेला. भारतात ए.ए. १९५७ ला आली. आमच्या गावात अजून आली नाही, आपल्यालाच जावं लागतं.

त्याच्या आधी घरच्यांनी सगळं करून बघितलं. भिंतीवर लिहिलेलं असतं बघा, ‘न सांगता दारू सोडवा’, तसली पुडी आणली होती. मी म्हणलं भाजीत कालवू नका. दारू सोडायची खरी गोळी असते, डायसल्फिराम. ती पोटात असताना दारू घेतली की छाती धडधडते, उलट्या होतात, बी.पी. पडतं, माणूस दगावूही शकतो. म्हणून डॉक्टर ती माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनंच देतात. पुडीत काय आहे ते विकणारा सांगतच नाही.

आणखी एक. रोज सकाळी उठल्यापासून पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. हात कापतात, झोप जाते, एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढं भास होतात. लोक म्हणतात बाहेरचं लागलं. बाहेरचं काही नाही, दारू उतरायलीय. आधी दवाखाना. नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, लातूरला विलासराव देशमुख संस्थेत मानसोपचार विभाग आहे. भावाला असंच आधी सरकारी दवाखान्यात ठेवलं, आन तिथल्याच एका डॉक्टरानं चिठ्ठीवर मीटिंगचा फोन नंबर लिहून दिला.

मीटिंग म्हणजे शाळेची खोली. बाकडी लहान लेकरांची, गुडघे छातीला लागतात. मास्तर असतात, ऑटोवाला असतो, एकजण मोठ्या गाडीतून येतो. उपदेश कुणी करत नाही. आपलं सांगायचं, दुसऱ्याचं ऐकायचं, मधे तोंड घालायचं नाही. आपल्या पारावर हे होणं शक्य नाही. खुली मीटिंग असली की मला आत बसता येतं, नाहीतर मी बाहेर ओट्यावर.

आपल्याकडं दारू सोडायची जुनी वाट माळेची. पंढरीला जाऊन तुळशीची माळ घालायची. त्यानं सुटलेली माणसं मी बघितलीत, खोटं कशाला बोलू. मीटिंगलाही दोन माळकरी येतात. पण माळकरी घसरला की गाव हसतं, आन लाजंनं तो दुप्पट पितो. भाऊ दिवाळीत घसरला. म्हणाला, “दादा, आता कोणत्या तोंडानं जाऊ?” तरी गेलो. त्यानं सांगितलं, आज पहिला दिवस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आधी कळंना, टाळ्या कशाच्या. मागनं एक म्हातारा बोलला, “माझा पहिला दिवस पाच वेळा झालाय. बस खाली, चहा घे.”

गावात दारू पितो हे कुणी लपवत नाही. सोडतोय हे मात्र लपवावं लागतं. कळलं की संध्याकाळी दोघं-तिघं येतात, “नाईंटीनं काय होतंय?” म्हणून दर गुरुवारी आम्ही ‘बँकेत’ जातो. एवढे वेळा बँकेत जाणारा शेतकरी कर्जबाजारीच असणार, असं गावानं ठरवलंय. ठरवू द्या.

खरी अडचण वेळेची. मीटिंग संध्याकाळी सातला, सुटायला साडेआठ. तोवर आमच्या गावाची गाडी गेलेली असते. मग मोटारसायकल. हरभऱ्याला रात्रीची लाईट असली की तेही जमत नाही. तवा तो फोनवरच्या मीटिंगला बसतो, पण रेंज फक्त विहिरीच्या काठावर. पाणी देत देत ऐकतो.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांनी १४४४६ लावा, सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन आहे, पैसे लागत नाहीत. मनाचं जास्त वाटलं तर १४४१६. घरच्या बायामाणसांसाठी अल-अ‍ॅनॉन म्हणून वेगळी मीटिंग असते, तीही विचारा. कुणाला सोबत पाहिजे असेल तर इथं नाव लिहू नका, मला एकट्याला कळवा.

सोमवारी भावाचं सोयाबीन मोंढ्यावर गेलं. पट्टी भावजयीच्या खात्यावर टाका, असं त्यानंच अडत्याला सांगितलं. अडत्यानं माझ्याकडं बघितलं. मी पोत्यांकडं.